प्रार्थनेच्या अर्जावरचे चार प्रश्न: मंडळीच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय पाळक, वडीलजन आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने नमस्कार.

गेल्या महिन्यापासून आपल्या मंडळीत प्रार्थनेची विनंती द्यायची तर छापील अर्ज भरावा लागतो. वर नाव आणि विनंतीचा विषय, आणि खाली चार प्रश्न. उपासनेला नियमित येता का? दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, वेळेवर देता का? उपवास-प्रार्थनेत भाग घेता का? कबूल न केलेले एखादे पाप मनात आहे का? उत्तरे समाधानकारक नसतील तर विनंती पुढे जाण्याआधी वडीलजन त्या माणसाशी बोलणार. अर्जाच्या माथ्यावर वचन छापले आहे: "यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे."

हे मी तुम्हाला भेटून सांगू शकले असते. पण अर्ज एका मंडळीचा असला तरी त्यामागची शिकवण एका मंडळीपुरती नाही. आज्ञा पाळा म्हणजे प्रार्थना फळेल, आणि फळली नाही तर आज्ञा कुठे मोडली ते शोधा, हे मी वेगवेगळ्या व्यासपीठांवरून, वेगवेगळ्या पंथांच्या उपदेशकांकडून ऐकत आले आहे. ज्यांना त्याची झळ बसते ती माणसे गप्प राहतात, कारण तोंड उघडले तर तेही आज्ञाभंगाच्या खात्यात जमा होते. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

माझा या विषयाशी संबंध माझ्या थोरल्या बहिणीमुळे आला. तिला कर्करोग झाला तेव्हा हा अर्ज नव्हता, पण प्रश्न हेच होते, तोंडी. भेटायला येणारे तिच्या खाटेशेजारी बसून गीत म्हणायचे, वचन वाचायचे आणि उठता उठता विचारायचे, "ताई, काही कबूल करायचं राहून गेलंय का? एकदा मन मोकळं करा, देव मार्ग उघडेल." त्या आवाजात माया असायची, हे मी नाकारत नाही. पण प्रश्न विचारून ते घरी जायचे. मागे उरलेल्या घरात काय व्हायचे ते आम्हीच पाहिले. ती पापे शोधू लागली. शाळेत असताना आईच्या पर्समधून घेतलेले सुटे पैसे तिला आठवले. लग्नाआधी एका मैत्रिणीशी धरलेला अबोला आठवला. तिला फोन करून क्षमा मागितली, तर त्या मैत्रिणीला ते भांडण आठवतही नव्हते. केमोथेरपीने तोंड आलेले असताना तिने उपवास धरला. आजार वाढत गेला तशी पापांची यादीही लांबत गेली. शेवटी ती मला म्हणाली, "माझ्यासाठी तूच प्रार्थना कर. माझी पोहोचत नाही."

आयुष्यभर प्रार्थनेत रमलेली बाई देवाशी बोलायला घाबरू लागली. आजाराने तिचे शरीर नेले. हा आधार मात्र आपण काढून घेतला. स्मरणसभेत उपदेशक म्हणाले की देवाच्या योजना अगाध आहेत, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले की आपणही स्वतःला तपासून पाहू या, अडथळा कुठे होता. समोर तिची मुले बसली होती.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. आज्ञापालनाचा आणि प्रार्थनेचा काही संबंध नाही, असे माझे म्हणणे नाही. शास्त्रात तो आहे आणि कडक शब्दांत आहे. मनात अधर्म बाळगला असता तर प्रभूने ऐकले नसते, असे ६६वे स्तोत्र म्हणते. नियमशास्त्र ऐकण्यापासून जो कान फिरवतो त्याची प्रार्थनाही वीट आणणारी, असे नीतिसूत्रांच्या २८व्या अध्यायात आहे. तुम्ही माझ्यात राहिलात आणि माझी वचने तुमच्यात राहिली तर हवे ते मागा, हे तर खुद्द प्रभूचे बोलणे (योहान १५:७). यांतले एकही वचन मला झाकून ठेवायचे नाही. तुम्ही ती अर्धी वाचता आणि भलत्याच माणसाला वाचून दाखवता, ही माझी तक्रार आहे.

अर्जाच्या माथ्यावरचे वचनच घ्या. ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले, १५व्या अध्यायातले. शमुवेल संदेष्टा ते कोणाला बोलला? खाटेवर पडलेल्या बाईला नव्हे. तो राजाला बोलला. सगळे नष्ट कर अशी आज्ञा असताना शौल राजाने अमालेकी शत्रूंच्या लुटीतली उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवली आणि विचारल्यावर सांगितले की ती परमेश्वराला अर्पण करायला आणली आहेत. अर्पणाच्या आड लपणाऱ्या सत्ताधाऱ्याच्या तोंडावर मारलेले ते वाक्य आहे: देवाला देणग्या देऊन गप्प करता येत नाही. आणि तुम्ही त्याच वाक्याखाली दुसराच प्रश्न विचारता, दशांश वेळेवर देता का. छापण्याआधी हे कोणाच्याच लक्षात आले नाही?

आणि हे एका वचनापुरते नाही. प्रार्थना का ऐकली जात नाही याबद्दल शास्त्र जिथे जिथे बोलते ते उतारे एकदा सलग काढून वाचा, आणि दोष कोणाला दिला आहे ते पाहा. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो, तुम्ही कितीही प्रार्थना केल्या तरी मी ऐकणार नाही. कारण लगेच पुढे आहे, तुमचे हात रक्ताने भरले आहेत. मग उपायही सांगितला आहे: अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. ५८व्या अध्यायात लोक विचारतात, आम्ही उपास केला, तू पाहत का नाहीस? उत्तर मिळते की उपासाच्या दिवशीच तुम्ही मजुरांना पिळता. गरिबाची आरोळी ऐकून जो कान बंद करतो तो स्वतः आरोळी मारील तेव्हा त्याचे कोणी ऐकणार नाही, हे नीतिसूत्रे २१:१३. वेदीजवळ अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, हे प्रभूने डोंगरावर सांगितले.

पेत्राने तर नाव घेऊन सांगितले आहे. पतींनो, पत्नींना मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही (१ पेत्र ३:७). इतकी वर्षे उपासनेला येते आहे, पण "तुमची प्रार्थना अडली आहे का? मग आधी घरी बायकोशी कसे वागता ते सांगा" असा संदेश मी एकदाही ऐकलेला नाही. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले दशांशाचे वचन मात्र लहान मुलांनाही पाठ आहे. त्याच मलाखीचा दुसरा अध्याय कोण वाचतो? लोक वेदी आसवांनी भिजवतात आणि तरी देव अर्पण स्वीकारत नाही. का, तर तरुणपणीच्या पत्नीशी त्यांनी बेइमानी केली म्हणून. एक पान मागे उलटायचे काम आहे.

मीखाचा तिसरा अध्याय तर थेट पुढाऱ्यांना उद्देशून आहे. लोकांची कातडी सोलणारे अधिपती परमेश्वराला हाक मारतील आणि तो त्यांना उत्तर देणार नाही. वेतन घेऊन शिकवणारे याजक आणि पैशांसाठी शकुन पाहणारे संदेष्टे यांनाही तिथे सोडलेले नाही. म्हणजे प्रार्थना अडवणारे पाप म्हणून शास्त्र जे दाखवते ते बहुतेक वेळा बळकटाने दुबळ्याशी केलेले वागणे असते. आपण ते नियम उचलले आणि दुबळ्याच्याच खाटेपाशी नेऊन ठेवले. तुमच्या चार प्रश्नांत यशयाचा एक नाही, पेत्राचा नाही, मीखाचा नाही. ज्यांची उत्तरे हजेरीपटावर आणि पावतीपुस्तकात सापडतात असे तीन आहेत, आणि चौथा भीती घालणारा.

दुसरी तक्रार अर्धवट वाचनाची. "आपण जे काही मागतो ते मिळते, कारण आपण त्याच्या आज्ञा पाळतो," हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन (३:२२) प्रत्येक उपवास-प्रार्थनेत ऐकू येते. त्याच्या पुढच्याच वचनात ती आज्ञा कोणती ते सांगितले आहे: येशूच्या नावावर विश्वास ठेवा आणि एकमेकांवर प्रीती करा. हजेरी नाही, दशांश नाही. आणि दोन वचने मागे, २०व्या वचनात, माझ्या बहिणीला हवे होते ते अगदी नेमके लिहिले आहे: आपले मन आपल्याला दोष देत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि तो सर्व जाणतो. हे तिला कोणी वाचून दाखवले असते तर बरे झाले असते. सगळ्यांची बोटे २२व्या वचनावरच थांबली.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचेही तेच. कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. नीट पाहा, प्रार्थना कोण करतो आहे? वडील. आजारी माणसाने फक्त बोलवायचे आहे. तुमचाच हिशेब लावायचा तर प्रार्थना फळली नाही म्हणून विश्वास वडिलांचा तपासावा लागेल, खाटेवरच्या माणसाचा नव्हे. हा हिशेब मी लावत नाही, कारण तो मुळातच चुकीचा आहे; पण लावायचाच तर पुरता लावा. त्याच उताऱ्यात पापाबद्दल याकोब "जर" म्हणतो: त्याने पापे केली असली तर क्षमा होईल. हा "जर" आपण "म्हणजेच" करून टाकला. आणि पुढे, पापे एकमेकांजवळ कबूल करा. एकमेकांजवळ. खाटेशेजारी बसलेल्या वडिलांपैकी कोणी आपले एखादे पाप माझ्या बहिणीजवळ कबूल केल्याचे मला आठवत नाही.

आता सर्वांत मोठी गोष्ट. पूर्ण आज्ञापालन म्हणजे हमखास उत्तर, हे सूत्र खरे असते तर ते निदान एकाच्या बाबतीत तरी खरे ठरायला हवे होते. गेथशेमाने बागेत प्रभूने तेच शब्द पुन्हा उच्चारत तीनदा प्रार्थना केली की हा प्याला टळून जावो. प्याला टळला नाही. तिथे कोणते कबूल न केलेले पाप होते? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात प्रभूने आसवे गाळत केलेल्या प्रार्थनांविषयी एक विलक्षण विधान आहे: त्याचे ऐकले गेले, आणि त्याने जे दुःख सोसले त्यातून तो आज्ञापालन शिकला. ऐकले गेले आणि तरी वधस्तंभ चुकला नाही. आज्ञापालनाच्या मोबदल्यात प्रार्थनेचे उत्तर, हा तुमचा क्रम तिथे टिकत नाही. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्या प्रार्थनेतले वाक्यच आज्ञापालन आहे. या उताऱ्यावर आपण उत्तम शुक्रवारी रडतो आणि पुढच्याच आठवड्यात आजाऱ्याला विचारतो, अडथळा कुठे आहे.

पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आले, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. मोशेने यार्देनेपलीकडचा देश पाहू दे म्हणून विनवले तेव्हा देव म्हणाला, पुरे, या गोष्टीविषयी माझ्याशी पुन्हा बोलू नकोस. मोशेला मिळालेल्या नकाराला त्याच्या चुकीची पार्श्वभूमी होती, हे खरे. पण नकार मिळाल्यावर इस्राएल लोकांनी त्याला मंडळीबाहेर बसवले नाही. अलीशा संदेष्ट्याच्या हातून मेलेला मुलगा उठला, आणि तोच अलीशा दुखण्याने मेला. पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे लिहिले, पापे तपास असे लिहिले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय मला फार दिवस छळत राहिला. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. मग पेत्राला धरले, मंडळीने आग्रहाने प्रार्थना केली, आणि देवदूताने त्याला तुरुंगातून बाहेर काढले. मंडळी तीच, राजा तोच, काळही तोच. पेत्र आज्ञाधारक होता आणि याकोब नव्हता, असे लिहिणाऱ्याने सुचवलेही नाही. आणि प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास म्हणाल तर पेत्र दाराशी आला आहे असे रुदा नावाची दासी सांगत आली तेव्हा ते तिला म्हणाले, तुला वेड लागले आहे! अशांची प्रार्थना ऐकली गेली.

उलट बाजूही पाहा. मनश्शे राजाने ५५ वर्षे राज्य केले, मूर्ती मंदिरात आणून बसवल्या, स्वतःच्या मुलांना अग्नीत होमले. संकटात त्याने विनवणी केली आणि देवाने ती ऐकली (२ इतिहास ३३). प्रभूच्या दृष्टांतातला जकातदार मंदिरात दूर उभा राहून छाती बडवत एवढेच म्हणाला की मज पाप्यावर दया कर, आणि नीतिमान ठरून तो घरी गेला. तुमच्या चार प्रश्नांपैकी उपास आणि दशांश या दोहोंना ठामपणे "होय" म्हणणारा माणूसही त्या दृष्टांतात आहे. तो शेजारीच उभा होता. नियमशास्त्र काटेकोर पाळणारा परूशी होता.

सगळ्यांत जास्त मला निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवतात. सात दिवस ते त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसले तोवर उत्तम होते. बोलायला लागले आणि त्यांनी अध्यायामागून अध्याय हेच सांगितले की कुठेतरी पाप आहे, कबूल कर, देव परत देईल. शेवटी देवाचा राग पेटला तो अलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, असे तो त्यांना म्हणाला. आणि मग ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली ती ऐकली गेली. ज्याला पापी ठरवले त्याच्याच प्रार्थनेची त्यांना गरज पडली.

शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली ती इतरांपेक्षा जास्त दोषी होती असे समजता काय, हा प्रभूचा प्रश्न आणि जन्मांधाविषयी "याने पाप केले नाही, याच्या आईबापांनीही नाही" हे त्याचे उत्तर तुम्हाला माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. हे काही माझे एकटीचे म्हणणेही नाही. लोझान चळवळ या जागतिक सुवार्तिक ख्रिस्ती चळवळीच्या आफ्रिकेतल्या ईश्वरविज्ञान गटाने २००८ आणि २००९ मध्ये घानातल्या अक्रोपाँग इथे समृद्धीच्या सुवार्तेवर, म्हणजे विश्वास ठेवला की पैसा आणि आरोग्य मिळतेच या शिकवणीवर, विचार करून निवेदन काढले. आजार किंवा अकाली मृत्यू हे नेहमीच शापाचे वा विश्वासाच्या उणिवेचे लक्षण असते, ही कल्पना त्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. ते लिहिणारी माणसे चमत्कार न मानणारी नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग आज्ञा पाळायच्या कशाला? हा प्रश्न पडतो हेच मला काळजीचे वाटते. काही मिळणार नसेल तर आईबापांचे का ऐकायचे, असे विचारणाऱ्या मुलाचे घरात काय बिनसले असेल? १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या विश्वासशिक्षणाच्या पुस्तकात, प्रार्थना आणि दहा आज्ञा ही दोन्ही कृतज्ञतेच्या भागात घातली आहेत. सुटका आधी झाली. आज्ञापालन आणि प्रार्थना त्यानंतर, आभार म्हणून. आपण लायक नसलो तरी प्रभू ख्रिस्तामुळे देव आपली प्रार्थना ऐकतो, असेही तिथे आहे. आज्ञा पाळणाऱ्या माणसाची प्रार्थना बदलते, हे मी मानते. तो वेगळे मागू लागतो, वेगळ्या माणसांसाठी मागू लागतो. पण संत ऑगस्टीनची आई मोनिका हिचे उदाहरण पाहा. ३८३ साली तिने कार्थेजमध्ये रात्रभर प्रार्थना केली की मुलगा समुद्रापलीकडे न जावो. त्याच रात्री ऑगस्टीन तिला फसवून रोमला निघून गेला. पुढे ३८७ मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला. तिची त्या रात्रीची विनंती नाकारून देवाने तिची नेहमीची विनंती पूर्ण केली, असे त्याने नंतर लिहिले. गोष्ट सुंदर आहे, म्हणून व्यासपीठावर फार चालते. मला ती पुरती पटत नाही, कारण तिचा शेवट गोड झाला. ज्यांचा झाला नाही त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी जुन्या काळच्या विश्वासी माणसांविषयीच्या इब्री ११ चा शेवट आहे: या सर्वांच्या विश्वासाची साक्ष दिली गेली, तरी त्यांना अभिवचनाचे फळ मिळाले नाही. साक्षीच्या वेळेत अशा माणसांना मी कधी पुढे बोलावलेले पाहिले नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अर्जावरचे चारही प्रश्न काढा. नाव आणि विनंती एवढे पुरे. नाव द्यायचे नसेल तर तेही नको.

दशांश आणि प्रार्थनेचे उत्तर यांची सांगड व्यासपीठावरून घालणे थांबवा. मंडळीला पैसे लागतात, मान्य आहे. ते पैशांसाठी म्हणून मागा.

आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला कोणीही पापाविषयी आपणहून विचारू नये, असा लेखी नियम भेटीला जाणाऱ्या सर्वांसाठी करा. त्याला स्वतःला कबुली द्यायची असेल तर ऐका, आणि क्षमा झाली आहे असे स्पष्ट सांगा. आजाऱ्याने औषध थांबवावे किंवा उपास धरावा असा सल्ला कोणीही देऊ नये.

साक्षीच्या वेळेत ज्यांना उत्तर मिळाले नाही त्यांनाही उभे राहू द्या. मध्येच "पण देव चांगला आहे" म्हणून त्यांचे वाक्य पूर्ण करायला धावू नका. तेही तेच म्हणत असतील, जरा उशिरा.

या वर्षी निदान चार रविवार यशया ५८, मलाखी २, मीखा ३ आणि १ पेत्र ३:७ यांवर संदेश व्हावा. अडथळे तपासायचेच असतील तर तिथून सुरुवात करू, आणि ती वडीलजनांच्या बाकापासून.

आणि माझ्या बहिणीच्या मुलांना तुमच्यापैकी कोणीतरी जाऊन भेटा. त्यांच्या आईचा मृत्यू तिच्या आज्ञाभंगामुळे झाला नाही, हे त्यांना मंडळीच्या तोंडून ऐकायचे आहे. माझे सांगणे त्यांना पुरत नाही.

वडीलजनांच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. बोलावलेत तर मी येईन आणि विचाराल त्याचे उत्तर देईन. अर्ज बदलेपर्यंत ज्यांना तो भरायचा नाही त्यांच्यासाठी आम्ही काही जणी दर रविवारी उपासनेनंतर मागच्या बाकांवर थांबतो आणि त्यांच्यासोबत प्रार्थना करतो. वडीलजनांपैकी कोणाला आमच्यात बसायचे असेल तर जागा आहे.

ख्रिस्तात तुमची,
मंडळीची एक सभासद